पुढाऱ्याचं टेन्शन ही आपली भानगड का आहे

"पुढाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी काहीतरी सोय पाहिजे" हे वाक्य एकदा चहाच्या टपरीवर म्हणून बघा. आधी लोक हसतात, मग शिव्या देतात, मग कोणीतरी म्हणतंच की अटक झाली की त्यांच्या छातीत बरोबर दुखायला लागतं, तेवढी सोय पुरे. मीपण आधी ह्याच गटातला होतो, खोटं कशाला बोलू.

पण गेल्या काही वर्षांतल्या बातम्या बघा. मार्च २०२० मध्ये नेदरलँड्सचे मंत्री ब्रुनो ब्रुइन्स, ज्यांच्याकडे कोरोनाचं काम होतं, ते संसदेत चर्चा चालू असतानाच कोसळले, कारण अतिश्रम, आणि दुसऱ्या दिवशी पद सोडलं. जानेवारी २०२३ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी सांगून टाकलं की आता टाकीत पुरेसं उरलं नाही, मी थांबते. पुढच्याच महिन्यात अमेरिकेचे सिनेटर जॉन फेटरमन डिप्रेशनसाठी स्वतःहून हॉस्पिटलात दाखल झाले आणि त्यांच्या ऑफिसने तसं जाहीरही केलं.

आपल्याकडे अशी बातमी कधी ऐकलीत? आपल्याकडचा नेता फक्त "नॉट रिचेबल" होतो. किंवा त्याला "व्हायरल" होतो, फारच झालं तर "डॉक्टरांनी विश्रांतीचा सल्ला दिला आहे". मन नावाचा अवयव आपल्या पुढाऱ्यांना दिलेलाच नाही जणू. तर हा विषय नक्की काय आहे, परदेशात काय करतात आणि आपण मतदारांनी ह्यात डोकं का घालायचं, ते नीट मांडायचा प्रयत्न करतो.

आधी तीन शब्द, घाटातल्या गाडीवरून

ताण, बर्नआउट आणि मानसिक आजार हे तीन शब्द आपण एकाच पिशवीत कोंबतो आणि तिथेच सगळा गोंधळ होतो.

घाट चढताना जुनी गाडी तापते. काटा वर जातो, आपण बाजूला घेतो, बॉनेट उघडतो, चहा पितो, गाडी थंड होते आणि पुढे जातो. हा झाला ताण. हा सगळ्यांना असतो आणि थोडा असलेला बराही असतो, नाहीतर परीक्षेच्या आदल्या रात्री कोणी पुस्तक उघडलं नसतं.

आता समजा घाट संपतच नाही. थांबायला जागा नाही, मागून हॉर्न वाजतायत, आणि गाडी वर्षानुवर्षं पहिल्या गिअरवरच चाललीये. हा बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली, आणि गंमत म्हणजे त्यांनी त्याला आजार म्हटलेलंच नाही, कामाच्या ठिकाणी तयार होणारी स्थिती म्हटलंय. तिची तीन लक्षणं: माणूस पार थकून जातो, कामाबद्दल आणि लोकांबद्दल त्याला तुसडेपणा येतो, आणि आपल्याच्याने काही होत नाही असं वाटायला लागतं. दुसरं लक्षण परत वाचा. आपण ज्याला "निवडून आला आणि माज आला" म्हणतो त्यातला काही भाग हा असू शकतो, सगळा नाही, खरा माजही भरपूर असतो.

आणि तिसरं म्हणजे सपाट रस्त्यावरही गाडी तापते. हा आजार. डिप्रेशन, चिंतेचे आजार वगैरे. इथे चहा पिऊन भागत नाही, गॅरेजला न्यावंच लागतं. त्यात गाडीच्या मालकाची काही चूक नसते.

मुलीच्या लग्नातला बाप, पण पाच वर्षं

आता राजकारणाचं काम बाकीच्या कामांपेक्षा वेगळं कसं? तर लग्नघरातला मुलीचा बाप आठवा. जेवण आचाऱ्याच्या हातात, लाईट महावितरणच्या हातात, बँडवाला एका तासाने येणार, पाऊस कोणाच्याच हातात नाही. पण भात कच्चा राहिला की नाव कोणाचं? बापाचं. आणि ह्या सगळ्यात त्याने दारात उभं राहून हसत हसत प्रत्येकाला "जेवल्याशिवाय जायचं नाही हं" म्हणायचं. एक दिवसाचं असतं म्हणून निभतं, दुसऱ्या दिवशी तो बाप बारा तास झोपतो. राजकारण्याचं हे पाच वर्षं चालतं आणि शेवटी पाहुणे मतदान करतात की जेवण कसं होतं.

ह्याच्यामागे शास्त्रही आहे. रॉबर्ट कॅरासेक नावाच्या अभ्यासकाने १९७९ मध्ये कामाच्या ताणाचा एक साधा सिद्धांत मांडला. नुसतं काम जास्त असल्याने माणूस तितका मोडत नाही. काम जास्त आणि त्यावर स्वतःचा ताबा कमी, अशी जोडी जमली की मोडतो. शेतात स्वतःच्या मर्जीने दिवसभर राबणारा दमतो, पण दुसऱ्याच्या चुकीसाठी दिवसभर शिव्या खाणारा आतून पोखरला जातो.

आता आमदाराचं बघा. २०२४ च्या विधानसभेला महाराष्ट्रात साधारण ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि जागा २८८, म्हणजे एका आमदारामागे सरासरी सव्वातीन लाखांहून जास्त मतदार. खासदारामागे देशाची सरासरी काढली तर सतरा-अठरा लाख येते, ब्रिटनमध्ये तेच ७०-७५ हजारांच्या आसपास. मागणी अशी डोंगराएवढी. आणि ताबा? रस्ता पीडब्ल्यूडीचा, फाईल मंत्रालयात, तिकीट पक्षश्रेष्ठींच्या हातात, आणि सभागृहात मत कुठे द्यायचं ते व्हिप ठरवणार. व्हिप म्हणजे पक्षाचा आदेश, १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे तो मोडला तर आमदारकी जाऊ शकते. म्हणजे मनाला न पटलेल्या गोष्टीसाठी हात वर करायचा आणि गावाकडे येऊन त्याचंच समर्थन करायचं. जून २०२२ मध्ये आमदार सुरतहून गुवाहाटीला गेले तेव्हा "काय झाडी, काय डोंगार" वर आपण सगळे पोट धरून हसलो, मीही हसलो, पण पन्नास वर्षांच्या माणसांना घरादारापासून लांब एका हॉटेलात दिवसेंदिवस राहावं लागतं आणि बाहेर टीव्हीवाले त्यांची डोकी मोजतायत, हे कामाचं ठिकाण म्हणून किती विचित्र आहे हा विचार तेव्हा कोणी केला नाही. (तिथे ते कशासाठी होते हा वेगळा विषय आहे आणि त्यावर शिव्या द्यायचा तुमचा हक्क मी काढून घेत नाहीये.)

त्यात भर म्हणजे भावनिक श्रम. म्हणजे आतून काहीही वाटत असलं तरी चेहऱ्यावर कामाला लागेल तीच भावना आणणं. एअर होस्टेस, नर्स, कॉल सेंटरवाले सगळे हे करतात. आपला पुढारी लग्नसराईत एका दिवसात चार लग्नं, एक साखरपुडा, एक दहावा आणि मधे एक हळदीकुंकवाचं उद्घाटन करतो. मयतीच्या घरी डोळ्यांत पाणी, तिथून वीस मिनिटांत मांडवात हसू. आणि नाही गेला तर? "मतं मागायला आला होता, मातीला नाही आला." हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात ऐकायला मिळेल आणि त्या एका वाक्यावर निवडणुका फिरतात.

पण राजकारणी म्हणजे फक्त मंत्री नाही

आपल्या डोक्यात पुढारी म्हटलं की पांढरी गाडी आणि मागे पोलीस येतात. पण महाराष्ट्रात मंत्री असतात चाळीसेक, आणि ग्रामपंचायती आहेत जवळपास २८ हजार. खरा राजकारणी म्हणजे सरपंच, उपसरपंच, सदस्य, नगरसेवक. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने सरपंचांचं मानधन दुप्पट केलं, आणि दुप्पट केल्यावर दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावच्या सरपंचाला महिन्याला मिळतात ६ हजार रुपये. आधी तीन होते.

माझा मामा एक टर्म सरपंच होता, सोलापूरकडे. तेव्हा मी सुट्टीत जायचो तर बघायचो, माणूस ताटावर बसला की फोन. आबा, टँकर न्हाई आला. आबा, डीपी जळालाय, मोटारी बंद हायती. आबा, घरकुलाच्या यादीत आमचं नाव का न्हाई. रात्री दीडला एकाचा फोन आला की भाऊ बांध कोरतोय, लगेच या. मामीने शेवटी एक उपाय काढला, मामा जेवायला बसला की ती फोन तांदळाच्या डब्यात टाकायची आणि झाकण लावायची. वीस मिनिटं. तर गावात चर्चा काय झाली, सरपंच आजकाल फोन उचलत नाही, माज आलाय.

आणि भीती हा भाग तर आपण बोलतच नाही. ९ डिसेंबर २०२४ ला बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. त्यानंतर राज्यातल्या किती सरपंचांच्या घरी संध्याकाळी उशीर झाला की बायकोने दहादा फोन केले असतील, त्याचा अंदाज करा. ब्रिटनमध्ये जो कॉक्स ही खासदार २०१६ मध्ये आणि डेव्हिड एमेस २०२१ मध्ये मारले गेले, दोघंही मतदारांना भेटायच्या ठरलेल्या ठिकाणीच.

बायकांचं तर आणखीनच. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, म्हणजे हजारो जणी ह्या खुर्चीवर आहेत. जगभरच्या संसदांची एक संघटना आहे, आंतर-संसदीय संघ, त्यांनी २०१६ मध्ये ३९ देशांतल्या ५५ महिला खासदारांशी बोलून अहवाल काढला. त्यातल्या ८१.८ टक्के जणींनी मानसिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि ४४.४ टक्के जणींना खुनाच्या, बलात्काराच्या, मारहाणीच्या नाहीतर पळवून नेण्याच्या धमक्या आलेल्या. ह्या खासदार बायका, ज्यांच्याकडे स्टाफ आहे, सुरक्षा आहे. गावची सरपंच सकाळी भाकऱ्या थापून ग्रामसभेला जाते, तिथे खुर्चीवर "सरपंचपती" बसलेला, आणि तिने खरंच निर्णय घेतला तर व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या चारित्र्यावर पोस्ट. तिने हे सांगायचं कोणाला? घरी सांगितलं तर घरचे म्हणणार राजीनामा दे.

बरं, पण आपल्याला काय त्याचं?

रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याहून नागपूरला निघालात तर तुम्ही काय बघता? गाडीत दुसरा ड्रायव्हर आहे का. तेव्हा कोणी म्हणत नाही की ड्रायव्हरचे कसले लाड, पगार घेतो ना, चालव म्हणावं सलग पंधरा तास. कारण तो झोपला तर दरीत आपण जातो. पुढाऱ्याच्या मनाची काळजी ही तेवढीच स्वार्थी गोष्ट आहे.

न झोपलेला, सतत घाबरलेला, चिडलेला माणूस कसे निर्णय घेतो हे आपल्याला घरूनच माहीत आहे. तो लांबचं बघत नाही, समोरची आग विझवतो. हो म्हणून टाकतो, नंतरचं नंतर. समोरच्याचं ऐकून घेत नाही. होयबांमध्ये बसतो, कारण तिथे बरं वाटतं. आणि ह्याच माणसाने गावच्या पाण्याचं वीस वर्षांचं नियोजन करावं अशी आपली अपेक्षा असते!

ब्रिटनच्या खासदारांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ६५० पैकी १४६ जणांनी प्रश्नावली भरून दिली, आणि त्यातल्या ३४ टक्के जणांची मनाची तब्येत ठीक नसल्याचं त्यात दिसलं. आता १४६ म्हणजे जेमतेम पावभर सभागृह, ज्यांना त्रास होता त्यांनीच जास्त उत्साहाने भरून दिली असेल असंही होऊ शकतं, म्हणून ३४ टक्के हा आकडा मी छातीठोकपणे सगळ्यांना लावणार नाही. मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. तिथल्या संसदेत खासदारांसाठी आरोग्य आणि समुपदेशनाची सोय आहे, आणि उत्तर देणाऱ्यांपैकी ७७ टक्के जणांना ती सोय घ्यायची कशी हेच माहीत नव्हतं. म्हणजे दुसरा ड्रायव्हर गाडीत होता, पण कुठल्या सीटवर ते पहिल्याला ठाऊक नाही.

"झेपत नसेल तर सोडा की"

हा पहिला आक्षेप, आणि अगदी चुकीचा नाही. आर्डर्नबाईंनी तेच केलं. पण नियमच असा केला की ज्याला त्रास होतो त्याने निघून जायचं, तर मागे कोण उरेल? ज्याला कशाचाच त्रास होत नाही तो. रात्री दीडला शेजाऱ्याचा बांध कोरला गेला तरी ज्याला छान झोप लागते तो. गाळणीत गाळ अडकून चहा खाली यायला पाहिजे, आपण उलटीच गाळणी लावतोय. शिक्षिका, शेतकरी, नर्स, साधी माणसं राजकारणात का येत नाहीत म्हणून आपण गळा काढतो, त्याचं अर्धं उत्तर पैसा आहे आणि बाकी अर्ध्यात हे आहे.

"म्हणजे काय, वेडा माणूस खुर्चीत बसवायचा?"

आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं असतं, नीट वाग नाहीतर येरवड्याला टाकीन. ठाण्याकडचे ठाण्याला टाकतात. मनाचा दवाखाना म्हणजे धमकी. त्यामुळे नेत्याने मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्याचं नुसतं कळलं तरी विरोधकांना प्रचाराचा मुद्दा मिळतो.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेच्या कलम १०२ आणि १९१ मध्ये आहे की सक्षम कोर्टाने मनोविकल ठरवलेला माणूस खासदार-आमदार राहू शकत नाही. ह्याचा अर्थ लोक लावतात की डिप्रेशनची गोळी घेतली की गेली आमदारकी. अजिबात नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा स्पष्ट सांगतो की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो मनोविकल ठरत नाही, ते कोर्टाने वेगळं ठरवावं लागतं. बीपीची गोळी आणि डिप्रेशनची गोळी, कायद्याच्या नजरेत दोन्हींनी खुर्ची हलत नाही.

ब्रिटनमध्ये मात्र कायदाच वाकडा होता. खासदाराला मानसिक आजारासाठी कायद्याने सहा महिन्यांहून जास्त हॉस्पिटलात ठेवलं तर त्याची जागा जायची, आणि हृदयविकाराने तो वर्षभर पडून राहिला तरी जायची नाही. १४ जून २०१२ ला तिथल्या सभागृहात मजूर पक्षाचे केव्हन जोन्स उभे राहिले आणि आपल्याला डिप्रेशन झालं होतं हे त्यांनी पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगितलं, आणि हुजूर पक्षाचे चार्ल्स वॉकर यांनी आपल्या कित्येक वर्षांच्या ओसीडीबद्दल सांगितलं. ओसीडी म्हणजे तोच तो विचार, तीच ती कृती परत परत करावी लागणं. दोन विरोधी पक्षांतली माणसं एकाच दुपारी हे बोलली. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, ते कलम रद्द झालं.

आणि आजारी माणूस देश कसा चालवणार, ह्याला माझं आवडतं उत्तर आहे नॉर्वेचे शेल मॅग्ने बोंडेविक. ऑगस्ट १९९८, पंतप्रधान होऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांनी डिप्रेशनमुळे रजा घेतली आणि कारण लपवलं नाही. साडेतीन आठवडे दुसऱ्या मंत्र्यांनी कारभार बघितला, हे परत आले, कामाला लागले. नॉर्वे समुद्रात बुडाला नाही. उलट २००१ मध्ये हेच गृहस्थ परत पंतप्रधान झाले आणि चार वर्षं राहिले.

ह्याच्या बरोबर उलटी गोष्ट १९७२ ची. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी उपराष्ट्राध्यक्षपदासाठी थॉमस ईगलटन यांना घेतलं. मग बाहेर आलं की ईगलटन यांनी डिप्रेशनसाठी हॉस्पिटलात विजेच्या झटक्यांचे उपचार घेतलेत. मॅकगव्हर्न आधी म्हणाले मी हजार टक्के त्यांच्या पाठीशी, आणि उमेदवारी मिळाल्यापासून अठराव्या दिवशी ईगलटन बाहेर. ते नंतर १९८७ पर्यंत सिनेटर म्हणून व्यवस्थित काम करत राहिले. पण तोवर बाकीच्यांनी काय धडा घ्यायचा तो घेतलाच असणार, की उपचार घ्या किंवा राजकारण करा. तिथपासून फेटरमनपर्यंत यायला एक्कावन्न वर्षं लागली. फेटरमन फेब्रुवारीत दाखल झाले, मार्चअखेर बाहेर आले, एप्रिलमध्ये सिनेटमध्ये.

एक इशारा मात्र. नेत्यांच्या मनाबद्दल बोलायचं म्हणजे टीव्हीवर बघून "हा सायको आहे" म्हणायचं लायसन्स नाही. १९६४ मध्ये एका अमेरिकन मासिकाने मानसोपचारतज्ज्ञांना पत्रं पाठवून विचारलं की बॅरी गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्ष व्हायला मनाने फिट आहेत का, आणि १,१८९ डॉक्टरांनी त्यांना न तपासताच "नाही" कळवलं. गोल्डवॉटर कोर्टात गेले आणि जिंकले. १९७३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला की ज्याला तपासलं नाही त्याचं निदान जाहीरपणे करायचं नाही. डॉक्टरांना नियम आहे, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपला नाही.

"मग सगळेच सर्टिफिकेट घेऊन येतील"

छातीत दुखण्याचा आपला इतिहास बघता हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. पण गुन्ह्याची चौकशी, कोर्ट, जाब विचारणं हे एका खात्यात आणि समुपदेशन दुसऱ्या खात्यात. घोटाळा केलेल्या माणसाला डिप्रेशन असू शकतं, उपचार मिळावेत, आणि केसही चालावी. टायफॉइड झाला म्हणून कोणाची चोरी माफ होत नाही. प्रश्न विचारणं, रस्ता का झाला नाही म्हणून ग्रामसभेत उभं राहून भांडणं, ही तर लोकशाहीच आहे, तिला छळ म्हणता येणार नाही. त्याच्या मुलीचा फोटो टाकून घाण लिहिणं, रात्री घरासमोर येऊन शिव्या देणं, हा छळ. ह्यातला फरक कळायला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

"आधी शेतकऱ्याचं बघा, मग पुढाऱ्याचं"

खरंय. देशात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. पण एक विचार करा, ह्या खात्याला बजेट देणारे कोण? तेच पुढारी. ज्याला स्वतःच्या मनाबद्दल बोलायची लाज वाटते तो जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाचं पद भरा म्हणून सभागृहात भांडेल, असं मला तरी वाटत नाही. ब्रिटनमधलं ते कलम गेलं तेही दोन खासदार स्वतःबद्दल बोलल्यानंतरच.

बाकी मनाचा त्रास असेल तर फोन करायची सोय आजही आहे आणि ती शेतकऱ्याला आणि सरपंचाला दोघांनाही सारखीच आहे, टेलिमानस, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलीये.

मग करायचं काय, पैसे किती लागतील

फार नाही लागत. नेदरलँड्समध्ये तरतूद आहे की खासदार बाळंतपण किंवा आजारासाठी सोळा आठवडे रजेवर गेला तर त्याच्या जागी तेवढ्यापुरता दुसरा खासदार येतो. आपल्याकडे? सभागृहाच्या परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिलं तर जागा रिकामी जाहीर होऊ शकते. परवानगी मागता येते, लोकसभेत त्यासाठी समितीही आहे, आजारपणाची रजा मिळतेही. पण त्या काळात मतदारसंघाला वाली कोणी नाही, म्हणून माणूस रजाच घेत नाही. "नॉट रिचेबल" होतो.

मजा म्हणजे आपल्या गावाकडे ही सोय कायद्यातच आहे. सरपंच नसला तर उपसरपंच बघतो. दुसरा ड्रायव्हर! फक्त अडचण एवढीच की उपसरपंच बऱ्याचदा विरोधी पॅनलचा असतो आणि सरपंच चार दिवस रजेवर गेला तर परत येईपर्यंत अविश्वास ठरावाची तयारी झालेली असते. त्यामुळे कागदावरची सोय कागदावर राहते.

मला विचाराल तर निवडून आलेल्या सदस्यांना प्रशिक्षण देतातच, त्यात निधी कसा मागायचा, ठराव कसा लिहायचा शिकवतात, त्यात अर्धा दिवस हेही घाला. रात्रीचे फोन कसे हाताळायचे, नाही कसं म्हणायचं, धमकी आली तर पहिल्या तासात काय करायचं, झोप उडाली तर कुठे जायचं. जिल्ह्याच्या ठिकाणी एक समुपदेशक, ज्याचा पक्षाशी, पंचायत समितीशी, गावाशी काही संबंध नाही. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची, कारण ओळखीतल्या डॉक्टरकडे गेलं की संध्याकाळपर्यंत तालुक्याला कळतं. आणि ठरलेल्या वेळा. आठवड्यातले दोन दिवस सकाळी दहा ते एक भेट, बाकी वेळ तातडीचं असेल तरच. बँकेला वेळ असते तेव्हा आपण नाही का पाळत?

आणि हरल्यावर

ह्या विषयाचा सगळ्यात दुर्लक्षित तुकडा हाच. २०२४ च्या विधानसभेला ४,१३६ उमेदवार उभे होते. जिंकले २८८. म्हणजे ३,८४८ माणसं एका दुपारी हरली, सगळ्या जिल्ह्यासमोर, राऊंडनुसार. ह्यातल्या कित्येकांनी जमीन विकून नाहीतर कर्ज काढून निवडणूक लढवलेली. गुलाल दुसऱ्याच्या दारात, फटाके आपल्या गल्लीतून. माजी आमदाराला निदान पेन्शन असते, माजी सरपंचाला तेही नाही. नगरसेवकांचं तर २०२२ पासून काही वर्षं आणखीनच विचित्र झालं होतं, मुदत संपलेली, निवडणूक नाही, कितीतरी महापालिकांत प्रशासक, आणि माणूस ना आजी ना माजी, लोक मात्र गटार तुंबलं की त्यालाच फोन करायचे.

मामाची टर्म संपली त्याला आता बरीच वर्षं झाली. पुढच्या वेळी आरक्षण पडलं, त्याला उभंच राहता आलं नाही. पहिले पंधरा दिवस घरात सगळे खूश, आबा निवांत जेवतात. मग मामीने मला एकदा सांगितलं की तो रात्री जेवण झाल्यावर तिचा फोन मागून घेतो आणि स्वतःच्या नंबरवर मिस्ड कॉल देऊन बघतो, वाजतोय का.